पैनगंगेपलीकडचा कारभारी



आपल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पैनगंगा वाहते. पलीकडे यवतमाळ जिल्हा. तिकडची पूस नदी पैनगंगेला येऊन मिळते आणि त्या पूस नदीच्या काठी पुसद हे तालुक्याचे गाव आहे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ या गावात झाला. ते ख्रिस्ती नव्हते. तरी सत्ता हाती आलेल्या माणसाने हिशेब कसा द्यावा, हे त्यांच्या चरित्रावरून आपल्याला शिकता येते.

त्यांचा जन्म 1 जुलै 1913 रोजी पुसदजवळील गहुली येथे बंजारा कुटुंबात झाला. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. आजोबा चतुरसिंग हे असे नाईक होते व गहुली त्यांनीच वसविली. वडिलांचे नाव फुलसिंग. वसंतरावांचे शिक्षण आसपासच्या गावी आणि पुढे नागपूरला झाले. 1940 साली ते वकील झाले. 1941 साली त्यांनी नागपूरच्या ब्राह्मण कुटुंबातील वत्सला घाटे यांच्याशी विवाह केला. त्या काळी असा विवाह करणे ही सोपी गोष्ट नव्हती.

1946 साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. म्हणजे नळ, रस्ते, दिवाबत्ती यांपासून त्यांच्या कारभाराला सुरुवात झाली. 1952 साली ते जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत निवडून गेले व महसूल खात्याचे उपमंत्री झाले. 1956 नंतर मुंबई राज्यात सहकार व शेती ही खाती त्यांच्याकडे आली आणि 1960 साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते महसूलमंत्री झाले. त्याच वेळी लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या अहवालावरून कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. हाती असलेला अधिकार खाली वाटून देणे फार थोड्या सत्ताधाऱ्यांना जमते.

5 डिसेंबर 1963 रोजी ते मुख्यमंत्री झाले व त्या पदावर सलग अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. तो काळ धान्यटंचाईचा होता. 1965 साली पुण्याच्या सभेत त्यांनी जाहीर केले की, दोन वर्षांत राज्य धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाले नाही तर लोकांनी आपल्याला खुशाल फाशी द्यावे. ही शपथ मोठी होती. तिच्यामागे संकरित ज्वारीचे बियाणे, खत, विहिरी यांचा ध्यास होता. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठेही त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली.

पण मनुष्य शपथ घेतो आणि पाऊस देवाच्या हाती असतो. लागोपाठच्या अवर्षणानंतर 1972 चा भयंकर दुष्काळ आला. शपथेचा हिशेब देण्याची घटका तीच होती. राज्यात खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामे निघाली. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे कामावर होती. कामावर सुकडी वाटली गेली. मजुरी अपुरी होती, ती वेळेवर मिळत नसे, याबद्दल मोर्चे निघाले आणि ती तक्रार खरी होती. गुरेही फार गेली. तरी पूर्वीच्या दुष्काळांत जसे मुडदे पडत, तसे या वेळी पडले नाहीत. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात सरकारने राज्यभर वाट करून दिली. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र. भीक न घालता कामाचा दाम द्यावा, म्हणजे भुकेल्याची मानही ताठ राहते.

त्यांच्या कारभारात उणिवाही होत्या. मुंबईतील जातीय व भाषिक तेढ वाढविणाऱ्यांकडे त्यांनी कानाडोळा केला, असा आरोप त्यांच्यावर झाला. कोणाही माणसाचे चरित्र लिहिताना त्याचा दोष झाकू नये. पवित्र शास्त्रही दाविदाचा दोष झाकत नाही.

फेब्रुवारी 1975 मध्ये पक्षश्रेष्ठींच्या इच्छेनुसार त्यांनी पद सोडले. 1977 साली ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर गेले. 18 ऑगस्ट 1979 रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी योसेफाचा धडा घेताना मुलांना ही हकीकत जरूर सांगावी. फारोने योसेफाला मुद्रिका दिली, परंतु योसेफाचे मोठेपण त्या मुद्रिकेत नव्हते. दुष्काळात उघडलेल्या कोठारांत ते होते. आपण कोणी मंडळीचे पंच आहोत, कोणी खजिनदार, कोणी ग्रामपंचायतीचे सदस्य. खुर्ची लहान असो की मोठी, धनी एक दिवस कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागणारच आहे. आपल्या कारभारात कोणाच्या ताटात भाकर पडली, हे त्या दिवशी सांगता यावे म्हणून आजपासूनच जागे राहू या.