दमयंतीचा हंस आणि रविवर्म्यांचा तोट्यातला छापखाना

शाळेच्या ऑफिसात शारदेची तसबीर असते. पांढरी साडी, हातात वीणा, मागे कमळांचं तळं आणि बाजूला मोर. बेळगावची मराठी शाळा घ्या, इंदूरची घ्या, नाहीतर वडोदऱ्याची, चित्र बहुतेक तेच किंवा त्याची नक्कल. मयूरवाहिनी शारदा तशी जुनीच, पण ती आपल्या डोळ्यांसमोर आज ज्या रूपात उभी राहते ते रूप राजा रविवर्म्यांचं. हे चित्र त्यांनी १८९६ च्या सुमारास रंगवलं. पुढे त्याच्या छापील प्रती निघाल्या आणि शारदेचा मोर घराघरात गेला.

रविवर्मा मराठी नव्हेत. जन्म २९ एप्रिल १८४८, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. मामाने मुलाचा हात ओळखला, सुरुवातीचे धडे दिले आणि चौदाव्या वर्षी त्याला तिरुवनंतपुरमच्या राजवाड्यात नेलं. तिथे आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने त्याला शिकवलं नाही, नुसतं काम करताना बघू दिलं, असं सांगतात. तेवढ्यावर या पोराने तैलरंग आत्मसात केले. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि नाव झालं.

त्यांना आपल्या मुलखाशी जोडून देणारा माणूस मात्र मराठी होता. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. त्यांच्यामुळे १८८१ मध्ये रविवर्मा बडोद्याला आले. सयाजीरावांनी पुढे पुराणातल्या प्रसंगांवर चौदा चित्रं सांगितली. त्यासाठी रविवर्मा आणि धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा देशभर हिंडले, पेहराव बघितले. बायकांच्या वेशाचं कोडं त्यांनी बऱ्याच ठिकाणी आपल्या नऊवारीने सोडवलं. ही चित्रं बडोद्याला लागण्याआधी मुंबईत मांडली तेव्हा ती बघायला लोकांची रीघ लागली होती.

चित्रांचे परदेशी पद्धतीने रंगीत छाप काढून ती सर्वांपर्यंत न्यावीत, ही सूचना माधवरावांनी आधीच केली होती. १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना उभा राहिला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी, सरस्वती, गरुडावरचा विष्णू, मोरावरचा कार्तिकेय असे छाप निघत गेले. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर आता देव आणि देवाचं वाहन आलं.

यातला हंस मला सगळ्यात गमतीचा वाटतो. नळाची ख्याती दमयंतीला सांगणारा पक्षी आपल्याला रघुनाथ पंडितांच्या आख्यानातून माहीत आहे. महाभारतात तो सोन्याचा. रविवर्म्यांनी १८९९ मध्ये ‘हंस-दमयंती’ रंगवलं, त्यात कठड्याजवळ दमयंती आहे आणि समोर लांब मानेचा, पांढराशुभ्र, मोठा हंस. हा पक्षी ना केरळचा ना दख्खनचा. थंडीत आपल्या तलावांवर उतरतो तो पट्टकदंब, करड्या अंगाचा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. जुन्या शिल्पांतला हंसही अशाच बदकाच्या अंगलटीचा असतो. रविवर्म्यांचा हंस मात्र सरळ युरोपातला. आज लग्नपत्रिकेवर, साडीच्या पदरावर, हॉटेलच्या पाटीवर ‘हंस’ म्हणून जो काढतात तो याच घाटाचा. पक्षीनिरीक्षक नाक मुरडतील, पण लोकांच्या मनातला हंस बदलला हे खरं.

छापखान्याचा जमाखर्च मात्र कधी जुळला नाही. मी कॉमर्सवाला, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. माल खपत होता, नाव होतं, तरी कर्ज वाढत गेलं. रोजचा कारभार धाकट्या भावावर होता. तो स्वतः उत्तम चित्रकार. उधारी वसूल करणं हा त्याचा पिंड नव्हे. त्यात मुंबईत प्लेग आला. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तरी घडी बसली नाही. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायखर या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला, चित्रं छापायच्या हक्कांसकट. श्लायखरने त्याच चित्रांसोबत मालाची लेबलं आणि जाहिराती छापल्या आणि धंदा चालवून दाखवला. शारदेचा मोर विकला जात राहिला, फायदा मात्र दुसऱ्याच्या वहीत गेला.

जानेवारी १९०५ मध्ये भाऊ गेला. दोघांनी आयुष्यभर एकत्र प्रवास केला होता, एकाच कॅनव्हासवर कामं केली होती. स्वतः रविवर्मा मधुमेहाने खंगत चालले होते. ‘जटायुवध’ हे चित्र याच काळातलं, १९०६ चं मानलं जातं. रावणाच्या एका हातात सीता, दुसऱ्या हातात उगारलेली तलवार, सीतेने तोंड झाकलेलं आणि पंख तुटलेला जटायू कोसळतोय. पक्षी गिधाडापेक्षा गरुडाकडे झुकणारा आहे. दमयंतीच्या हंसातला गोडवा इथे औषधालाही नाही. खचलेल्या चित्रकाराने त्यात स्वतःलाच पाहिलं असेल, असं म्हणायचा मोह होतो; पण पुरावा काही नाही. २ ऑक्टोबर १९०६ रोजी अट्टिंगल इथे त्यांचा मृत्यू झाला. वय ५८.

त्यानंतर टीकाकार सरसावले. आनंद कुमारस्वामींसारख्या जाणकारांना ही चित्रं नाटकी आणि परकी वाटली. त्यात तथ्य आहेच, वरचा हंस बघा ना. पण दादासाहेब फाळके या छापखान्यात काम करून पुढे सिनेमाकडे वळले, आणि कॅलेंडरवाल्यांनी हे मोर-हंस गिरवत अख्खं शतक काढलं. चित्राखालचं नाव तेवढं गळून पडलं.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला. मूळ तैलचित्रं पाहायची असतील तर वडोदऱ्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आहे, आणि बेळगावकरांसाठी मैसूरचा जगनमोहन राजवाडा आहे, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर.