चूक शोधणारे हॅमिंग

बँकेतील किंवा रेल्वेच्या तिकीटघरातील संगणक तुम्ही पाहिला असेल. संगणकाला दोनच अंक समजतात, ० आणि १. त्याच्या पोटात असे असंख्य अंक सतत इकडून तिकडे जात असतात. त्यांतल्या एखाद्या शून्याचा चुकून एक झाला तर? कोणाच्या तरी खात्यातील रक्कमच बदलेल! अशी चूक यंत्राने स्वतः शोधावी आणि स्वतःच दुरुस्त करावी, असा मार्ग रिचर्ड हॅमिंग यांनी दाखवला.

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. शिकागो, नेब्रास्का आणि इलिनॉय विद्यापीठांत ते गणित शिकले. १९४२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९४५ मध्ये ते लॉस अलामोस येथे गेले. तेथे अणुबाँब तयार करण्याचे काम गुप्तपणे चालू होते. त्यासाठी लागणारी आकडेमोड करणारी यंत्रे चालू ठेवणे हे हॅमिंग यांचे काम होते. १९४६ मध्ये ते बेल प्रयोगशाळेत दाखल झाले.

बेल प्रयोगशाळेच्या गणकयंत्रात सुमारे नऊ हजार रिले होते. रिले म्हणजे विजेच्या जोरावर उघडझाप करणारा स्विच. एखादा रिले नीट चालला नाही, की यंत्राला चूक कळे व ते थांबे. मग तेथील कर्मचारी येऊन दुरुस्ती करीत. पण शनिवारी-रविवारी कर्मचारी नसत. तेव्हा यंत्र चुकलेले काम अर्धवट सोडून पुढचे काम हाती घेई. हॅमिंग यांच्या वाट्याला नेमके हेच सुट्टीचे दिवस येत. सोमवारी ते उत्साहाने येऊन पाहतात, तर त्यांचे काम झालेलेच नाही! पुढच्या आठवड्यातही तसेच घडले. हॅमिंग फार चिडले. पण चिडून ते गप्प बसले नाहीत. चूक झाली एवढे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. हा प्रश्न मला त्यांच्या उत्तराइतकाच मोलाचा वाटतो.

आता त्यांची युक्ती समजून घ्या. कागद-पेन्सिल घेऊनच बसा. उर्दू आपण उजवीकडून लिहितो, पण येथे घरे डावीकडून मोजायची. सात घरे आखा. ३, ५, ६ व ७ या घरांत आपला मजकूर ठेवायचा. १, २ व ४ या घरांत पहारेकरी बसवायचे. पहिला पहारेकरी १, ३, ५, ७ ही घरे पाहतो. दुसरा २, ३, ६, ७ पाहतो आणि तिसरा ४, ५, ६, ७. प्रत्येकाने आपल्या घरांतील एकांची संख्या सम ठेवायची. मजकूर १०११ असेल, तर पूर्ण ओळ ०११००११ होईल.

समजा, पाचव्या घरातील शून्याचा एक झाला. ओळ ०११०१११ अशी दिसेल. पहिल्या पहारेकऱ्याला तीन एक दिसतात, म्हणजे विषम. दुसऱ्याचे ठीक आहे. चौथ्या घरातील पहारेकऱ्यालाही तीनच दिसतात. तक्रार आली १ आणि ४ या घरांतून. त्यांची बेरीज पाच. चूक पाचव्या घरात! तेथील एक पुसून शून्य लिहिले की झाले. दुसरे एखादे घर बदलून तुम्हीच करून पाहा. मात्र एकाच वेळी दोन घरे चुकली, तर हे पहारेकरी भलतेच घर दाखवतात. म्हणून आणखी एक तपासणीचा अंक जोडतात. मग दोन चुका सुधारता आल्या नाहीत, तरी त्या झाल्याचे कळते.

हा शोध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये हॅमिंग यांना संगणकशास्त्रातील मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये प्रयोगशाळा सोडून ते मॉन्टेरे येथील नौदलाच्या संस्थेत शिकवू लागले. ७ जानेवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज मोठ्या संगणकांच्या स्मृतीत बहुधा ६४ अंकांमागे असे ८ पहारेकरी असतात. चूक सुधारली की संगणक तिची नोंदही करून ठेवतो. कोणत्या भागात चूक झाली, हे त्या नोंदीत सांकेतिक आकड्यांनी लिहिलेले असते. अभियंते ते आकडे उलगडून वाचतात. एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा नोंद येऊ लागली, तर तो भाग बंद पडण्याआधीच बदलून टाकतात.