मेरी लिंकन : आजार की आघात?
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या पत्नी मेरी. चारपैकी तीन मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. १८६५ मध्ये शेजारी बसलेल्या पतीवर गोळी झाडली गेली. पुढे त्यांना भास होऊ लागले, खरेदीला धरबंध राहिला नाही. १८७५ मध्ये उरलेला एकुलता मुलगा रॉबर्ट न्यायालयात गेला. ज्यूरीने मेरींना वेडे ठरवले आणि त्यांची रवानगी मनोरुग्णालयात झाली. मुलाच्या लेखी ही काळजी, आईच्या लेखी विश्वासघात. बहीण एलिझाबेथ यांनी त्यांना चार महिन्यांत घरी आणले. १८७६ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने त्यांना शहाणे ठरवले. आजचे काही डॉक्टर द्विध्रुवी विकार सुचवतात, तर काही बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव. मुलगा आणि बहीण, दोघांनीही खरेच पाहिले असेल. म्हणून मनोविकारात एकाच नातेवाइकाच्या सांगण्यावर निदान करू नये.