Explainer: प्रोजेक्टमध्ये ‘गरज’ ओळखणे का महत्त्वाचे? महर्षी कर्वेंच्या कामातून समजून घ्या

रत्नागिरी : आयटी कंपनीत नवी प्रणाली ‘एसडीएलसी’च्या टप्प्यांतून तयार होते. गरज ओळखणे, आराखडा, उभारणी, चाचणी, वापर आणि देखभाल असे हे टप्पे. संगणक येण्यापूर्वी दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८-१९६२) यांनी असेच टप्प्याटप्प्याने काम उभारले.

गरज : गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्वेंनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी विवाह केला. मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. त्याच वर्षी त्यांनी पुनर्विवाहाच्या प्रसारासाठी मंडळ काढले. पण पुनर्विवाह मोजक्याच जणींचा होणार, बाकीच्यांचे काय? खरी गरज होती स्वतःच्या पायावर उभे राहण्याची, म्हणजेच शिक्षणाची.

उभारणी : १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम सुरू झाला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. कॉलेजचे तास संपवून कर्वे तिथे चालत जात.

चाचणी आणि बदल : शिक्षण फक्त विधवांनाच पुरेसे नाही, हे अनुभवातून दिसले. १९०७ मध्ये इतर मुलींसाठी महिला विद्यालय निघाले.

विस्तार : १९१६ मध्ये मातृभाषेतून शिकवणारे महिला विद्यापीठ उभे राहिले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली. तेच आजचे एसएनडीटी.

देखभाल : हा टप्पा सर्वांत लांबला. विद्यापीठाला कायदेशीर मान्यता मिळाली १९५१ मध्ये, तब्बल ३५ वर्षांनी. तोपर्यंत कर्वेंनी नव्वदी ओलांडली होती.