दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म: १७ जानेवारी १९०५, डहाणू, मृत्यू: १९८६, देवळाली) हे भारतीय गणितज्ञ व शालेय शिक्षक होते. संख्येच्या अंकांशी निगडित असलेल्या अनेक गुणधर्मांचा त्यांनी शोध लावला. ६१७४ ही संख्या त्यांच्या नावावरून कापरेकर स्थिरांक म्हणून जगभर ओळखली जाते. गणितात सदैव रमून जात असल्याने त्यांना गणितानंद असेही म्हटले जाई. पदव्युत्तर शिक्षण नसताना आणि विद्यापीठाचा आधार नसताना त्यांनी हे काम केले. त्यांनी शोधलेले काही संख्याप्रकार मात्र आज इतरांनी दिलेल्या नावांनीही ओळखले जातात. त्यामुळे त्यांच्या चरित्राचा विचार करताना शोधाच्या श्रेयाचा प्रश्न टाळता येत नाही.

जीवन

कापरेकरांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाची आवड होती. ज्योतिषातील आकडेमोडीमुळे घरात संख्यांचा वावर होताच. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. आकडेमोडीच्या जवळच्या वाटा शोधणे आणि कोडी सोडवणे हा त्यांचा विद्यार्थिदशेतील छंद होता.

पुढे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. गणितातील स्वतंत्र कामाबद्दल १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळाले. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर होणाऱ्या पहिल्या भारतीयाच्या नावाचे हे पारितोषिक होते. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच अध्यापन केले.

गणितज्ञांच्या परिषदांना ते बहुधा स्वखर्चाने जात. भारतातील अनेक गणितज्ञांना त्यांचे विषय क्षुल्लक वाटत, कारण त्यांत खोल सिद्धांत कमी आणि दशमान पद्धतीतील अंकांची गंमत जास्त असे. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. आधार दहाऐवजी आठ किंवा बारा घेतला की त्यांच्या अनेक संख्या बदलतात. तरीही ज्या प्रश्नाचे विधान शाळकरी मुलाला समजते त्याची पूर्ण उकल तज्ज्ञांनाही अवघड जावी, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले. त्यांचे बरेचसे लेखन फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकांत आणि स्वतः छापलेल्या पुस्तिकांत प्रसिद्ध झाले.

कापरेकर स्थिरांक

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या तयार करावी. मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत उत्तर ६१७४ येते आणि त्यानंतर ते बदलत नाही. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, त्यानंतर ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि शेवटी ८५३२ − २३५८ = ६१७४. मधल्या एखाद्या उत्तरात अंक कमी पडल्यास आरंभी शून्य धरावे लागते. तीन अंकी संख्यांबाबत हेच स्थान ४९५ ला आहे.

कापरेकरांनी हा गुणधर्म १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यांचे टिपण आले. त्याच्या शीर्षकात त्यांनी या कृतीला एकट्याने खेळायचा खेळ म्हटले होते, आणि ते वर्णन चपखल आहे. येथे प्रतिस्पर्धी नाही, पट नाही, सोंगट्या नाहीत. पाटी-पेन्सिल पुरते, आणि दर वेळी शेवट तोच असूनही मन पुढची संख्या घेऊन पाहतेच. स्थिरांकाला कापरेकरांचे नाव मिळाले आणि ते टिकले. इतर शोधांबाबत असे झाले नाही.

इतर संख्याप्रकार

कापरेकर संख्या: ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केली असता मूळ संख्या परत मिळते ती कापरेकर संख्या होय. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३. ९, ५५, ९९, २९७ व ९९९ याही अशाच संख्या आहेत.

स्वयंभू संख्या: एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. ४७ पासून ४७ + ४ + ७ = ५८ आणि ५८ पासून ७१ मिळते. ५८ चा जनक ४७ असे म्हणता येईल. १०१ ला तर ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. परंतु २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून मिळत नाही. ३१, ४२, ५३, ६४ यांनाही जनक नाही. अशा जनकहीन संख्यांना कापरेकरांनी इंग्रजीत दिलेल्या नावाचा अर्थ स्वयंभू असाच होतो. त्यांच्या गावावरून या संख्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे. या विषयावरील त्यांची पुस्तिका १९६३ मध्ये देवळालीतूनच निघाली.

हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे संस्कृत नाव दिले. १२ ही अशी संख्या आहे, कारण तिला १ + २ = ३ ने भाग जातो. रामानुजन यांच्या आठवणीशी जोडली गेलेली १७२९ हीदेखील हर्षद आहे: तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ × ९१ = १७२९.

डेम्लो संख्या: १, १२१, १२३२१, १२३४३२१ या मालिकेतील संख्या अनुक्रमे १, ११, १११, ११११ यांचे वर्ग आहेत. त्यांना कापरेकरांनी आश्चर्यकारक डेम्लो संख्या म्हटले. जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना या विषयाची कल्पना सुचली, म्हणून हे नाव.

नामकरण आणि श्रेय

१९७४ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली या नियतकालिकात कोलंबियाचे बर्नार्दो रेकामान यांचा एक प्रश्न छापून आला. त्यातील संख्या म्हणजे कापरेकरांच्या स्वयंभू संख्याच होत्या, पण तेथे त्यांना कोलंबियन संख्या म्हटले गेले. संदर्भग्रंथांत आजही दोन्ही नावे शेजारी शेजारी आढळतात. हर्षद संख्यांचेही तसेच झाले. अमेरिकेतील गणितज्ञ आयव्हन निव्हेन यांनी १९७७ मध्ये संख्याशास्त्राच्या एका परिषदेत या संख्यांवर व्याख्यान दिले. त्यानंतरच्या शोधनिबंधांत निव्हेन संख्या हे नाव रूढ झाले. कापरेकरांनी त्यांचा विचार त्यापूर्वी दोन दशके केलेला होता.

या दोन्ही प्रसंगांत कोणी नक्कल केली असे मानण्यास आधार नाही. ज्या कोड्याचा नियम एका वाक्यात मावतो ते दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे सुचणे सहज शक्य असते. अशा वेळी नाव कोणाचे लागते हे आधी कोणाला सुचले यावर कमी, आणि कोणाचे लेखन कोठे वाचले गेले यावर अधिक अवलंबून राहते. देवळालीत छापलेली पुस्तिका आणि जगभरच्या ग्रंथालयांत जाणारे नियतकालिक यांची पोहोच सारखी नव्हती.

कायद्याचाही येथे उपयोग नसतो. भारतीय पेटंट कायद्यानुसार गणिती पद्धतीला पेटंट मिळत नाही आणि खेळ खेळण्याच्या पद्धतीलाही नाही. स्वामित्वहक्क मांडणीला मिळतो, कल्पनेला नाही. मोबाइलवरील कोड्यांच्या खेळांत हाच पेच पुढे उभा राहिला. २०१४ च्या फेब्रुवारीत थ्रीज हा अंक सरकवून जोडण्याचा खेळ बाजारात आला. तो घडवण्यास वर्षाहून अधिक काळ लागला होता. काही आठवड्यांतच त्याच्यासारखे खेळ निघाले, आणि त्यांपैकी गाब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणाने केलेला २०४८ हा विनामूल्य खेळ मूळ खेळापेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध झाला. त्या खेळात पूर्वसूरींचे ऋण निदान सांगता येण्याजोगे होते, कारण ते निर्मात्यांना माहीत होते. कापरेकरांच्या बाबतीत ते माहीतच नव्हते, हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रसिद्धी

सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर गणिती खेळांवर सदर लिहीत असत. मार्च १९७५ च्या अंकातील सदरात त्यांनी कापरेकरांचा आणि स्वयंभू संख्यांचा परिचय करून दिला. कोलंबियन हे नाव छापले गेल्यानंतर जेमतेम एका वर्षाने हे घडले. रामानुजन यांना पंचविशीत हार्डी भेटले. कापरेकरांना गार्डनर यांचा वाचकवर्ग लाभला तेव्हा ते ७० वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या संख्यांवर परदेशांत लेखन होऊ लागले, आणि ज्यांनी त्यांना गंभीरपणे घेतले नव्हते अशांचेही लक्ष त्यांच्याकडे वळले.

अखेरची वर्षे

निवृत्तिवेतन अपुरे असल्याने कापरेकर देवळालीत गणित व विज्ञानाच्या खासगी शिकवण्या घेत. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. उतारवयातही त्यांचे संशोधन चालू राहिले. १९८० मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी, जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्समध्ये कापरेकर संख्यांवरील त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. या वेळी शीर्षकात त्यांचे स्वतःचेच नाव होते. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.