मुश्ताक अली : कर्णधाराचा हुकूम आणि जोडीदाराचा भरवसा

सय्यद मुश्ताक अली हे नाव आजच्या मुलांना माहीत आहे ते टी-20 स्पर्धेमुळे. दरवर्षी रणजीचे संघ या नावाच्या करंडकासाठी खेळतात, टीव्हीवर नाव झळकतं. पण हे मुश्ताक अली होते कोण, असं वर्गात विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. म्हणून हा लेख.

मुश्ताक अली यांचा जन्म 17 डिसेंबर 1914 चा, इंदूरचा. इंदूर म्हणजे होळकरांचं संस्थान. मध्य भारतात असलं तरी मराठी माणसाला आपलंच वाटणारं गाव. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू होळकरांकडे नोकरीला इंदुरात आले होते. गल्लीत, मैदानावर खेळणाऱ्या या पोराकडे त्यांची नजर गेली तेव्हा मुश्ताक जेमतेम तेरा वर्षांचे होते. नायडूंनी त्यांना हाताखाली घेतलं. मुश्ताक अली शेवटपर्यंत नायडूंना उस्ताद मानत राहिले.

जानेवारी 1934 मध्ये कलकत्त्याला जार्डिनच्या इंग्लंड संघाविरुद्ध मुश्ताक पहिली कसोटी खेळले. वय एकोणीस. गंमत म्हणजे त्यांना घेतलं होतं डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून. फलंदाजी उजव्या हाताची, आणि तीही खालच्या क्रमांकावर. दोनच वर्षांनी, 1936 च्या इंग्लंड दौऱ्यात, ते विजय मर्चंट यांच्यासोबत सलामीला उतरले.

हा दौरा भारतीय क्रिकेटच्या इतिहासात फारसा अभिमानाने सांगण्यासारखा नाही. कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार, ज्यांना सगळे विझी म्हणत. पैसा होता, वजन होतं, पण कसोटीच्या दर्जाचा खेळ नव्हता. संघात गट पडले होते. नायडूंसारखा मोठा खेळाडू कर्णधाराच्या मर्जीतून उतरलेला, मर्चंटही त्यातलेच. लाला अमरनाथ यांना तर पहिल्या कसोटीच्या आधीच बेशिस्तीचा ठपका ठेवून बोटीने परत पाठवलं गेलं. अमरनाथ त्या वेळी जबरदस्त फॉर्मात होते, तरी त्याची पर्वा कोणी केली नाही. कर्णधाराला दुखावलं तर काय होतं, हे त्या दिवशी संघातल्या प्रत्येकाला कळलं असणार.

हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

दुसरी कसोटी मँचेस्टरला, ओल्ड ट्रॅफर्डवर, 25 जुलैला सुरू झाली. याच सामन्यातली एक हकीकत पुढे मुश्ताक अलींनी सांगितली आणि ती क्रिकेटच्या इतिहासात राहून गेली. कर्णधाराने त्यांना सांगितलं की मर्चंटला धावबाद कर. म्हणजे आपल्याच संघाच्या, आपल्याच जोडीदाराला.

आता नियमाच्या पुस्तकाने बघू. फलंदाज धाव घेण्यासाठी हाक देतो, जोडीदार पळत सुटतो, अर्ध्या वाटेवर हाक देणारा त्याला परत फिरवतो. क्षेत्ररक्षक चेंडू यष्टीवर मारतो. पंच बघतात ते एकच : बॅट रेषेच्या आत होती की नव्हती. हाक चुकून दिली की मुद्दाम, हे पंच विचारत नाहीत, विचारूही शकत नाहीत. नियमाला कृती दिसते, नियत दिसत नाही. मुश्ताक अलींनी ते केलं असतं तर एकही नियम मोडला नसता. धावफलकावर मर्चंट धावबाद एवढंच लागलं असतं आणि लोक म्हणाले असते, बिचाऱ्यांचा गोंधळ झाला. उलट, कर्णधाराचं ऐकणं ही तर शिस्तच!

एकवीस वर्षांचा मुलगा, संस्थानिकांच्या आश्रयावर चालणारं क्रिकेट, आणि हुकूम देणारा स्वतः राजघराण्यातला. अमरनाथचं उदाहरण ताजं. मुश्ताक अलींनी काय केलं? मर्चंटना सगळं सांगून टाकलं. दोघे हसले आणि खेळायला लागले.

पहिल्या डावात मात्र एक विचित्र प्रकार घडला होता. मर्चंट यांनी मारलेला फटका समोर उभ्या मुश्ताक यांच्याच बॅटला लागला, चेंडू दिशा बदलून मिड-ऑनकडे गेला आणि फॅग यांनी मुश्ताकना धावबाद केलं. धावा फक्त 13. नशिबाचा खेळ बघा, धावबाद कोण झालं! मनात किंतु ठेवायचाच असता तर इथे जागा होती.

भारत 203 वर बाद झाला. इंग्लंडने 8 बाद 571 वर डाव सोडला, त्यात हॅमंडच्या 167. भारत 368 धावांनी मागे. तीन दिवसांच्या सामन्याचा तो दुसरा दिवस होता, सोमवार, 27 जुलै. सलामीची जोडी परत उतरली तेव्हा बहुतेकांना वाटलं असेल की आता फक्त पराभव किती मोठा ते बघायचं. खेळ थांबला तेव्हा भारत बिनबाद 190. मुश्ताक नाबाद 106. परदेशात कसोटी शतक काढणारे ते पहिले भारतीय. त्या एका दिवसात दोन्ही संघांच्या मिळून 588 धावा झाल्या. कसोटीच्या एका दिवसातला हा विक्रम आजही कायम आहे.

मुश्ताक यांची खेळण्याची तऱ्हा बिनधास्त. वेगवान गोलंदाजालाही पुढे सरसावून मारायचे. नव्वदीत पोचल्यावरही तेच चाललं होतं. तेव्हा जवळ येऊन त्यांना जरा सबुरीने घे, आधी शतक पूर्ण कर, असा सल्ला दिला तो वॉल्टर हॅमंड यांनी. प्रतिस्पर्धी संघाचा सर्वांत मोठा खेळाडू! मुश्ताक बाद झाले असते तर फायदा त्यांच्याच संघाचा होता. मुश्ताक अली ही गोष्ट आयुष्यभर आठवणीने सांगत. एकाच सामन्यात आपला कर्णधार जोडीदाराला पाडायला सांगतो आणि समोरच्या संघातला माणूस शतकासाठी सांभाळून खेळायला सांगतो.

दुसऱ्या दिवशी मुश्ताक 112 वर बाद झाले, भागीदारी 203 ची. मर्चंट यांनी 114 केल्या. सामना वाचला. दौरा संपल्यावर चौकशी समिती बसली, तिने विझींच्या नेतृत्वावर ताशेरे ओढले आणि अमरनाथना निर्दोष ठरवलं.

शाळेत मैदानावर वाद झाला की मुलं माझ्याकडे येतात, सर, फक्त आउट आहे की नाही ते सांगा. नियम सांगणं सोपं असतं, मी सांगतो. पण नियमाप्रमाणे वागलेल्या माणसालाच लोक बदनाम करतात, असंही होतं. 1947 मध्ये सिडनीला विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच रेषा सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावबाद केलं. त्याच दौऱ्यात आधी ताकीद दिली होती, तरी मांकड यांचं नाव त्या प्रकाराला कायमचं चिकटलं. खुद्द ब्रॅडमन यांनी मांकड यांची बाजू घेतली. माझं मतही तेच. मांकड यांनी जे केलं ते सगळ्यांच्या समोर, ताकीद देऊन केलं. मुश्ताक अलींकडून जे मागितलं गेलं ते झालं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत मर्चंट हिंदू संघाकडून खेळत, मुश्ताक मुस्लिम संघाकडून. 1944 च्या अंतिम सामन्यात के. सी. इब्राहिम यांच्या नाबाद 137 च्या जोरावर मुस्लिम संघ फक्त एक गडी राखून जिंकला. बाहेर त्या काळात हवा तापलेली होती. या दोघांच्या दोस्तीला मात्र तिची झळ लागली नाही.

कलकत्त्याच्या लोकांचं तर मुश्ताकवर इतकं प्रेम की 1945 मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसविरुद्ध त्यांना वगळलं तेव्हा गर्दी रस्त्यावर आली आणि निवडकर्त्यांना त्यांना परत घ्यावं लागलं. त्याच कलकत्त्यात त्यांनी 1948-49 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध दुसरं कसोटी शतक केलं. शेवटची कसोटी 1952 ची, मद्रासची, जी भारताने जिंकलेली पहिली कसोटी. एकूण 11 कसोट्या, 612 धावा. आकडा लहान आहे, मधली बरीच वर्षं महायुद्धाने खाल्ली. फाळणीनंतर ते इंदुरातच राहिले आणि 18 जून 2005 ला तिथेच त्यांचं निधन झालं.

मँचेस्टरला ती जोडी पुन्हा एकदा उतरली होती. जुलै 1946, तेच मैदान. मुश्ताक 46, मर्चंट 78, सलामीची भागीदारी 124. बाकीच्या सगळ्यांनी मिळून संघाला पुढे 170 पर्यंतच नेलं.