कर्वे चिडत का नव्हते?

पुण्यात कर्वे रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलं की सगळेच चिडतात. पण ज्यांचं नाव त्या रस्त्याला दिलंय, ते धोंडो केशव कर्वे मात्र चिडल्याच्या गोष्टी फारशा सापडत नाहीत. चिडायला कारणं भरपूर होती, तरीही.

पहिलं कारण अगदी आपल्या वयातलं. १८५८ मध्ये जन्मलेला, कोकणातल्या मुरूडचा हा मुलगा सतराव्या वर्षी सरकारी परीक्षेला बसायला साताऱ्याला निघाला. पावसाळ्याचे दिवस, घाटवाटा, आणि शंभर मैलांहून जास्त पायपीट. पोचल्यावर परीक्षकांनी पोरगा वयाने लहान दिसतो म्हणून बसूच दिलं नाही. वय खरं तर पूर्ण होतं. आपण असतो तर रीतसर राडा केला असता. कर्वे परत फिरले, आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा पास झाले.

पुढे मुंबईत बी.ए. झाले. १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई गेल्या. दोन वर्षांनी त्यांनी मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी लग्न केलं. लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई, घरच्यांसाठी बाया. मुरूडने बहिष्कार टाकला. सख्ख्या भावालाही त्यांना घरात घेणं अवघड झालं. कर्वे भांडले नाहीत आणि माफीही मागितली नाही. कॉलेजात लेक्चर घेत राहिले.

१८९६ मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. त्यानंतर लगेच पुण्यात प्लेग आला. १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याला एका झोपडीत हलवला. तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचं, संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, सकाळी परत कॉलेज. शिवाय वर्गणी गोळा करत फिरायचं. सनातनी शिव्या द्यायचे. सुधारकही खूश नव्हते, कारण आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, फक्त शिकवायचं, असं कर्व्यांनी ठरवलं होतं. प्रचार केला तर घाबरलेले आईबाप मुली पाठवणारच नाहीत, हा त्यांचा साधा हिशेब. दोन्हीकडून बोलणी खायची आणि मुलींचा अभ्यास थांबू द्यायचा नाही. गणितच ते, फक्त फळ्यावरचं नव्हे.

इथे एक गोष्ट मला खटकते. या शांतपणाचं बिल कोणी भरलं? बायांनी. पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरताना दिसली तर लोक बिथरतील, म्हणून संस्थापकाच्या बायकोलाच आश्रमापासून लांब ठेवलं गेलं. पगारातला मोठा वाटा आश्रमाला, स्वतःची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे. मुलांच्या भविष्याचं काय, असं बायांनी विचारलं, चिडून विचारलं, आणि मला त्या चुकीच्या वाटत नाहीत. कर्वे शांत राहू शकले, कारण घरात काळजी करायला दुसरं कुणीतरी होतं. बाकी चरित्रं हा भाग पटकन उरकतात.

काम मात्र वाढत गेलं. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झालं. मग जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आली, आणि १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठच काढलं. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी किती? पाच. कुणीही टेन्शन घेतलं असतं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. आज आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो, ते हेच.

सत्तरी ओलांडल्यावर ते जगाच्या दौऱ्यावर गेले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये, एकशे चार वर्षं जगून, ते गेले. बाया त्याआधीच, १९५० मध्ये गेल्या होत्या. त्यांनाही नंतर संस्थेसाठी वर्गणी मागत फिरायचा नाद लागला होता, अगदी आफ्रिकेपर्यंत.

दोघांचीही आत्मचरित्रं आहेत. कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’, बायांचं ‘माझे पुराण’. लायब्ररीत दोन्ही मिळाली, तर आधी बायांचं वाचा.